कॅलिब्रेशन करूनही रोबोट काही मिलिमीटरने चुकतो आणि चूक वारंवार परत येते: मूळ कारण कसे शोधावे

समस्येचे स्वरूप

कॅमेऱ्यात पाहून वस्तू उचलणारा रोबोट बसवला, की सुरुवातीचे काही दिवस काम सुरळीत चालते. मग एके दिवशी ग्रिपरचे, म्हणजे हाताच्या टोकावरच्या पकडीचे, बोट वस्तूच्या कडेला घासते किंवा सक्शन कप अर्धा वस्तूवर आणि अर्धा बाहेर टेकतो. पडद्यावर पाहावे तर संगणकाने वस्तू बरोबर ओळखलेली असते आणि तिच्याभोवती काढलेली चौकटही नेमकी असते; तरीही रोबोटचा हात दोन-तीन मिलिमीटर बाजूला उतरतो. कोणीतरी कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेरा आणि रोबोट यांची मापे एकमेकांशी जुळवण्याचा, चौकोनांचा बोर्ड बाहेर काढतो, तासाभरात सगळे कॅलिब्रेशन नव्याने होते, चूक नाहीशी होते आणि चार दिवसांनी पुन्हा हजर होते.

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे आणि स्वतः भोगली आहे, की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे: चूक परत येत असेल, तर तिसऱ्यांदा कॅलिब्रेशन करू नये. प्रत्येक नवे कॅलिब्रेशन आदल्या चुकीचा पुरावा पुसून टाकते. आधी चुकीचे मोजमाप घ्यावे, ती कोणत्या दिशेला आहे, कशाबरोबर वाढते आणि कशाबरोबर फिरते हे पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच दोष कुठे आहे ते कळते.

कॅमेऱ्यापासून ग्रिपरपर्यंतची साखळी

प्रतिमेतला एक पिक्सेल रोबोटच्या हालचालीत उतरेपर्यंत अनेक कड्यांमधून जातो. लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ), प्रतिमेचे केंद्र आणि लेन्सची विकृती यांच्या आधारे पिक्सेलचे रूपांतर कॅमेऱ्यातून निघणाऱ्या एका किरणात होते. त्या किरणावर वस्तू किती अंतरावर आहे हे खोलीच्या मोजमापावरून किंवा टेबलाच्या ठरलेल्या पातळीवरून काढले जाते. मग कॅमेरा आणि रोबोट यांच्यातील नाते वापरून ती जागा रोबोटच्या निर्देशांकांत मांडली जाते. शेवटी रोबोट आपल्या सांध्यांच्या कोनांवरून मनगट कुठे आहे ते ठरवतो आणि मनगटापासून ग्रिपरच्या टोकापर्यंतचे अंतर त्यात मिळवतो. यापैकी कोणतीही एक कडी सरकली तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो, म्हणजे हात चुकतो. त्यामुळे सगळा दोष ‘व्हिजन’वर, म्हणजे कॅमेरा आणि प्रतिमा ओळखण्यावर, टाकला जातो, जरी तो कित्येकदा व्हिजनचा नसतो.

कॅमेऱ्याच्या अंतर्गत कॅलिब्रेशनसाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये संशोधक झांग यांनी २००० साली मांडलेली, सपाट बोर्डाच्या अनेक छायाचित्रांवर आधारलेली पद्धत वापरली जाते. कॅमेरा आणि रोबोट यांच्यातील नाते शोधण्याच्या कामाला हँड-आय कॅलिब्रेशन म्हणतात. १९८९ मध्ये शिऊ आणि अहमद यांनी, तसेच त्साय आणि लेन्झ यांनी, ‘ए गुणिले एक्स बरोबर एक्स गुणिले बी’ या रूपातल्या समीकरणावर केलेले काम आजही त्याचा पाया आहे. यातील ए ही रोबोटच्या मनगटाची हालचाल, बी ही कॅमेऱ्याला दिसलेली हालचाल आणि एक्स हे आपल्याला हवे असलेले नाते. या समीकरणात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे एक्स बदलत नाही. वारंवार परत येणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक वेळा हेच गृहीतक मोडलेले असते, असा माझा अनुभव आहे.

काहीही बदलण्याआधी करायच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी रोबोट न हलवता करायची आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात एक आरूको मार्कर (सॉफ्टवेअरला ओळखता येणारी काळी-पांढरी चौकोनी खूण) पक्का चिकटवावा. तो पत्र्यावर किंवा जाड प्लेटवर असावा. नुसता कागद हवेतल्या दमटपणानेही उचलला जातो. रोबोट एका जागी स्थिर ठेवून मार्करच्या जागेची शंभर मोजमापे घ्यावीत. त्यांतला विखुरलेपणा म्हणजे मोजमापातला नैसर्गिक गोंगाट. हेच दर अर्ध्या तासाने दिवसभर करावे. सरासरी एका दिशेने हळूहळू सरकत असेल, तर यंत्रणेत काहीतरी तापते आहे किंवा सैल झाले आहे. सरासरी स्थिर असून फक्त विखुरलेपणा मोठा असेल, तर प्रकाश, फोकस किंवा मार्करचा लहान आकार यांच्याकडे पाहावे. मोजमापे दोन ठरावीक किमतींमध्येच उड्या मारत असतील, तर तो सपाट मार्करचा ओळखीचा दोष आहे: लहान मार्कर अगदी समोरून पाहिला, की त्याच्या कलण्याची दोन उत्तरे जवळजवळ सारखीच पटतात आणि सॉफ्टवेअर कधी हे तर कधी ते निवडते. मोठा बोर्ड वापरला किंवा कॅमेरा थोडा तिरका धरला, की हा दोष जातो.

दुसरी तपासणी कॅमेरा मनगटावर बसवलेला असेल तेव्हा सर्वात जास्त बोलकी ठरते. तोच मार्कर जागचा न हलवता, रोबोटला पंधरा-वीस वेगवेगळ्या स्थितींत नेऊन, वेगवेगळ्या उंचीवरून आणि कोनांतून तो पाहावा आणि प्रत्येक वेळी मार्करची जागा रोबोटच्या पायाच्या निर्देशांकांत काढावी. मार्कर तर हललेला नाही, तेव्हा वीसही उत्तरे एकाच बिंदूवर यायला हवीत. ती जेवढी विखुरतात तेवढी आपली खरी अचूकता. हा आकडा कॅलिब्रेशन केल्यावर लगेच लिहून ठेवावा आणि चूक परत आल्यावर, कशालाही हात न लावता, पुन्हा काढावा. कॅमेरा स्थिर खांबावर असेल, तर मार्कर ग्रिपरमध्ये घट्ट धरून रोबोट फिरवावा आणि उलट गणित करावे; कॅमेऱ्यासमोर कुठेही नेला तरी मार्कर ग्रिपरच्या निर्देशांकांत एकाच जागी दिसायला हवा.

तिसऱ्या तपासणीत कॅमेरा मुळीच वापरायचा नाही, आणि तीच सर्वाधिक वेळा टाळली जाते. टेबलावर एक टोकदार पिन पक्की बसवावी, ग्रिपरच्या जागी दुसरी टोकदार पिन लावावी आणि दोन्ही टोके एकमेकांसमोर येतील असा बिंदू हाताने शिकवून ठेवावा. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा रोबोटला त्या बिंदूवर पाठवावे. शिकवलेला बिंदूच सरकला असेल, तर कॅमेऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रोबोटचा पाया, टेबल किंवा सांध्यांचे शून्यस्थान (जिथून त्यांचे कोन मोजले जातात ती जागा) यांपैकी काहीतरी हलले आहे.

चुकीचा आकार काय सांगतो

तपासण्या झाल्या, की पंचवीस-तीस वेळा वस्तू उचलायला लावून प्रत्येक वेळी चूक किती आणि कोणत्या दिशेला होती याचे बाण एका कागदावर काढावेत. हे काम कंटाळवाणे वाटते. पण या एका कागदाने माझे जितके दिवस वाचवले आहेत तितके कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचवलेले नाहीत.

सगळे बाण एकाच दिशेला आणि सारख्याच लांबीचे असतील, तर निर्देशांकांच्या चौकटीत स्थिर सरक आली आहे: टेबलाला धक्का लागला असेल किंवा स्थिर कॅमेऱ्याचा खांब हलला असेल.

बाण प्रतिमेच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने फाकत असतील आणि कडेला लांब होत असतील, तर उंचीचे गणित चुकते आहे. समजा कॅमेरा टेबलापासून ८०० मिलिमीटर उंचीवर आहे, कॅलिब्रेशन टेबलाच्या पातळीवर केले आहे आणि वस्तू २० मिलिमीटर जाड आहे. केंद्रापासून २०० मिलिमीटर दूर असलेल्या त्या वस्तूच्या वरच्या पृष्ठभागावरचा बिंदू कॅमेऱ्याला सुमारे ५ मिलिमीटर अधिक बाहेर दिसतो. मधोमध ठेवलेली वस्तू मात्र बरोबर उचलली जाते, आणि चाचणी घेणारा माणूस वस्तू मधोमध ठेवण्याचीच शक्यता अधिक! जाड-बारीक वस्तू एकाच टेबलावर येत असतील, तर प्रत्येक प्रकारच्या वस्तूची उंची सॉफ्टवेअरला सांगणे किंवा खोली मोजणारा कॅमेरा वापरणे, याशिवाय गत्यंतर नाही. ‘चूक चार दिवसांनी परत आली’ या तक्रारीमागे कित्येकदा चार दिवसांनी वेगळ्या जाडीचा माल आला एवढेच घडलेले असते.

बाणांची दिशा मनगटाच्या कोनाबरोबर फिरत असेल, तर ग्रिपरच्या टोकाचे, म्हणजे टूल सेंटर पॉइंटचे, मोजमाप चुकलेले आहे. हा दोष फसवा आहे. टोकाचे मोजमाप दीड मिलिमीटरने चुकले आहे असे धरू. एका ठरावीक कोनात चूक दिसली, म्हणून कोणीतरी प्रोग्रॅममध्ये दीड मिलिमीटरचा ऑफसेट, म्हणजे ठरावीक अंतराची भरपाई, टाकला. त्या कोनात काम बरोबर होऊ लागले. पण वस्तू उलटी आली आणि मनगट १८० अंशांनी फिरले, की ऑफसेट आणि मूळ चूक यांची बेरीज होऊन हात ३ मिलिमीटर चुकतो. मग दुसरा माणूस दुसरा ऑफसेट टाकतो. अशा यंत्रणा मी पाहिल्या आहेत, जिथे सहा-सात ऑफसेट एकावर एक चढलेले होते आणि त्यांपैकी कोणता कशासाठी आहे हे कोणालाही सांगता येत नव्हते. उपाय सोपा आहे: सगळे ऑफसेट शून्य करावेत, ग्रिपरचे टोक स्थिर पिनवर टेकवून मनगट ०, ९०, १८० आणि २७० अंशांत फिरवावे आणि टोक पिनवरून ढळत असेल तर टूलचे मोजमाप आधी दुरुस्त करावे. ग्रिपरची बोटे किंवा सक्शन कप बदलल्यानंतर हे करावेच लागते.

बाण टेबलाच्या एका कोपऱ्यात लहान आणि समोरच्या कोपऱ्यात मोठे असतील, तर कोनातली चूक असते. एक अंशाचा दहावा भाग नगण्य वाटतो, पण एक मीटर अंतरावर तो १.७५ मिलिमीटर होतो. कॅलिब्रेशनचे उत्तर रोबोटच्या कंट्रोलरमध्ये हाताने भरताना कोन एकाच दशांश स्थळापर्यंत लिहिला, तर ०.०५ अंशापर्यंतची चूक आपणच आत घालतो, आणि एक मीटरवर ती जवळजवळ ०.९ मिलिमीटर भरते. मोजमाप उत्तम आणि भरणी ढिसाळ, असे होऊ देऊ नये.

बाणांना दिशाच नसेल, ते सैरावैरा असतील, तर प्रश्न कॅलिब्रेशनचा नसून गोंगाटाचा, वेळेचा किंवा वस्तू ओळखण्याचा आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण: हलणारा कॅमेरा

मनगटावर कॅमेरा असलेल्या एका यंत्रणेत आम्ही एका आठवड्यात तीनदा कॅलिब्रेशन केले. प्रत्येक वेळी निकाल उत्तम येत असे आणि दुपारपर्यंत हात दीड-दोन मिलिमीटर डावीकडे उतरू लागे. शेवटी आम्ही वर सांगितलेली दुसरी तपासणी केली. वीस स्थितींपैकी चौदा स्थितींत मार्कर एकाच बिंदूजवळ येत होता. उरलेल्या सहा उत्तरांचा वेगळा पुंजका दीड मिलिमीटर बाजूला पडला होता. त्या सहाही स्थितींत सहावा सांधा नव्वद अंशांच्या पुढे फिरलेला होता.

रोबोटला त्या कोनात थांबवून कॅमेऱ्याकडे जवळून पाहिले. केबल मनगटाभोवती फिरून कॅमेऱ्याच्या मागच्या कनेक्टरमध्ये शिरत होती आणि नव्वद अंशांपुढे तिचा वळसा ताठ होत होता. कॅमेरा ब्रॅकेटला तळाशी एकाच मधल्या स्क्रूने बसवलेला होता. स्क्रू सैल नव्हता, हाताने हलवून पाहिले तर काहीच हलत नव्हते. पण ताठ केबल शेकडो वेळा त्याच दिशेने ओढत राहिली, की कॅमेरा त्या स्क्रूभोवती किंचित फिरत होता आणि हात उलट्या दिशेने फिरल्यावर अर्धवट परत येत होता. ४५० मिलिमीटर अंतरावरून ०.२ अंश म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, आणि आमची चूक नेमकी तेवढीच होती. आमची तिन्ही कॅलिब्रेशन बरोबर होती. प्रत्येकाने त्या क्षणी कॅमेरा जिथे होता ती जागा प्रामाणिकपणे मोजली होती. कॅमेराच तिथे राहत नव्हता.

दुरुस्ती अशी केली: कॅमेऱ्यासाठी दोन डॉवेल पिना असलेला नवा ब्रॅकेट बनवला, म्हणजे फिरण्याला पिना अडवतील आणि स्क्रूने फक्त धरून ठेवायचे. केबलला कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर क्लॅम्प लावला आणि क्लॅम्प ते कनेक्टर या भागात तिला सैल वळसा ठेवला. स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते; त्यासाठी पाना लागत नाही, नजर पुरते.

रोबोट स्वतः किती अचूक आहे

रोबोटच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापलेला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगितलेला आकडा पुनरावृत्तीक्षमतेचा असतो: शिकवलेल्या बिंदूवर रोबोट पुन्हा पुन्हा किती नेमका परत येतो, याचा. न शिकवलेल्या, केवळ आकड्यांनी सांगितलेल्या बिंदूवर तो किती नेमका जातो हा वेगळा गुण आहे. आयएसओ ९२८३ या मानकात दोन्ही गुणांच्या मोजमापाच्या पद्धती वेगवेगळ्या दिल्या आहेत. कॅमेऱ्यावर चालणारा रोबोट जवळजवळ प्रत्येक वेळी न शिकवलेल्या बिंदूवर जातो, त्यामुळे त्याला दुसरा गुण लागतो, आणि तो पहिल्यापेक्षा बराच कमी असू शकतो. सांध्याची मोटर किंवा हालचाल मोजणाऱ्या एन्कोडरची बॅटरी बदलताना शून्यस्थान थोडे इकडेतिकडे झाले, तर जुने शिकवलेले बिंदू दुरुस्त करून घेतले जातात, पण हँड-आय कॅलिब्रेशन कोणाच्या लक्षात राहत नाही. देखभालीच्या नोंदवहीत अशी कामे शोधावीत आणि चुकीची तारीख त्यांच्याशी ताडून पाहावी.

तापमानाचा वाटाही इथेच येतो. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे दीड मीटरचा खांब ८ अंशांनी तापला तर जेमतेम ०.२८ मिलिमीटर. नुसत्या वाढीने दोन-तीन मिलिमीटरची चूक होत नाही. पण खांबाची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापली तर तो वाकतो, आणि वाकण्याने आलेला कोन अंतराबरोबर मोठा होतो. कॅमेराही चालू केल्यावर काही काळ तापत असतो आणि त्या काळात प्रतिमा किंचित सरकते. म्हणून कॅमेरा आणि रोबोट दोन्ही निदान अर्धा-पाऊण तास चालवून मगच कॅलिब्रेशन करावे. थंड यंत्रावर केलेले कॅलिब्रेशन तापलेल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही.

कॅलिब्रेशनच मुळात कच्चे असेल तर

वरच्या तपासण्यांत काहीही हलताना आढळले नाही, तर कॅलिब्रेशन घेण्याच्या पद्धतीकडे वळावे. सर्वात आधी बोर्डावरचे चौकोन व्हर्नियरने मोजावेत. प्रिंटरने पानात बसवण्यासाठी चित्र लहान केले आणि २५ मिलिमीटरचा चौकोन २४.६ चा छापला गेला, तर सॉफ्टवेअरला सगळी अंतरे सुमारे १.६ टक्क्यांनी जास्त वाटतात. ६०० मिलिमीटरवर ही चूक जवळजवळ १० मिलिमीटर होते. यात खरी अडचण अशी, की पुनर्प्रक्षेपण त्रुटीचा आकडा (गणिताने काढलेले बिंदू प्रतिमेतल्या खऱ्या बिंदूंपासून किती पिक्सेल दूर पडतात तो), ज्यावर सगळे विश्वास ठेवतात, तो अशा वेळीही सुरेखच येतो. कारण एकाच कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून खरे माप कळूच शकत नाही.

त्या आकड्याबद्दल आणखी एक सांगायला हवे. अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी त्रुटी आली म्हणजे कॅलिब्रेशन चांगले, असे मानले जाते. पण तो आकडा फक्त घेतलेल्या छायाचित्रांपुरता बोलतो. सगळ्या छायाचित्रांत बोर्ड मधोमध असेल, तर कडेच्या विकृतीबद्दल सॉफ्टवेअरला काहीच माहिती मिळालेली नसते आणि तिथे ते अंदाज बांधते. बोर्ड प्रतिमेच्या चारही कोपऱ्यांत न्यावा आणि तो वेगवेगळ्या दिशांना तिरका करावा. चौकोनांत आरूको मार्कर छापलेला आणि अर्धवट दिसला तरी चालणारा शारूको बोर्ड या कामी सोयीचा आहे.

हँड-आयसाठी स्थिती निवडताना नुसते सरकवून भागत नाही. उत्तर निघण्यासाठी मनगट किमान दोन असमांतर अक्षांभोवती फिरलेले असावे लागते. हे फिरणे जितके मोठे तितके उत्तर पक्के. चार अक्षांच्या स्कारा रोबोटला मात्र मनगट एकाच उभ्या अक्षाभोवती फिरवता येते, त्यामुळे कॅमेरा आणि हात यांच्यातील उंचीचा फरक या समीकरणातून निघतच नाही. सॉफ्टवेअर तरीही कुठला तरी आकडा देते आणि प्रत्येक कॅलिब्रेशनला तो वेगळा येतो. तिथे उंची हाताने, टेबलावर टोक टेकवून, मोजून भरावी. ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या हँड-आय फंक्शनमध्ये त्साय, पार्क, होरो, आंद्रेफ आणि डॅनिलिडिस यांच्या नावांच्या पाच पद्धती उपलब्ध आहेत. एकाच माहितीवर पाचही चालवाव्यात. उत्तरे मिलिमीटरच्या आत जुळली तर ठीक. ती एकमेकांपासून दूर गेली तर पद्धती बदलत बसण्यापेक्षा स्थिती नव्याने निवडाव्यात.

लेन्सचे फोकस आणि छिद्र लॉक-स्क्रूने पक्के केलेले असावेत. ऑटोफोकस, आपोआप बदलणारे एक्सपोजर आणि प्रतिमा स्थिर करणारी सोय, ही तिन्ही बंद करावीत; फोकस बदलला की नाभीय लांबी बदलते आणि आपले कॅलिब्रेशन त्या क्षणापासून दुसऱ्याच लेन्सचे होते. वेग वाढवण्यासाठी कोणी प्रतिमा १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० केली असेल, तर नाभीय लांबी आणि केंद्र यांचे पिक्सेलमधले आकडे दोन-तृतीयांश करावे लागतात. काही कॅमेरे लहान प्रतिमा देताना ती आक्रसत नाहीत, कडा कापतात, आणि तेव्हा हे गुणोत्तर लागू पडत नाही.

खोली मोजणारे कॅमेरे

दोन डोळ्यांच्या स्टीरिओ कॅमेऱ्यात खोलीची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नाभीय लांबी ६४० पिक्सेल, दोन लेन्समधले अंतर ५० मिलिमीटर आणि दोन प्रतिमांच्या जुळवणीतली चूक एक दशांश पिक्सेल धरली, तर अर्ध्या मीटरवर खोली सुमारे ०.८ मिलिमीटरने चुकते आणि एक मीटरवर ३ मिलिमीटरहून थोडी अधिक. कॅमेरा ‘जरा उंच’ बसवल्याने दृष्टिक्षेत्र मोठे होते, पण त्याची किंमत अशी मोजावी लागते. चकचकीत धातू आणि पारदर्शक प्लॅस्टिक यांच्यावर खोली एक तर मिळत नाही किंवा मागच्या पृष्ठभागाची मिळते. तिथे कॅलिब्रेशनला दोष न देता प्रकाशाची दिशा बदलून पाहावी किंवा वस्तूची ज्ञात उंची वापरावी.

पट्ट्यावरची चूक: वेळेचा प्रश्न

वस्तू चालत्या कन्व्हेयरवर असेल आणि सगळे बाण पट्ट्याच्या दिशेलाच असतील, तर मिलिमीटर बाजूला ठेवून मिलिसेकंद मोजावेत. पट्टा सेकंदाला ३०० मिलिमीटर धावत असेल आणि छायाचित्र घेतल्याचा क्षण ४० मिलिसेकंदांनी चुकीचा नोंदला जात असेल, तर वस्तू १२ मिलिमीटर पुढे गेलेली असते. पट्ट्याचा वेग निम्मा करून पाहावा. चूकही निम्मी झाली तर कारण निश्चित झाले. सामान्य चूक अशी, की प्रतिमा संगणकात पोहोचल्याची वेळ हीच छायाचित्राची वेळ धरली जाते. ठरावीक उशीर गणितात धरता येतो. पण संगणकावर दुसरे काम सुरू झाले किंवा नेटवर्कवर गर्दी झाली, की हा उशीर दर वेळी वेगळा होतो आणि मग ऑफसेटने काही साधत नाही. कॅमेऱ्याला हार्डवेअर ट्रिगर, म्हणजे छायाचित्र घेण्याचा थेट विद्युत इशारा, द्यावा आणि त्याच स्पंदावर पट्ट्याच्या एन्कोडरचा आकडा नोंदवावा. छायाचित्र वस्तू चालत असताना घ्यायचे असेल, तर सगळी प्रतिमा एकाच क्षणी टिपणारा, ग्लोबल शटरचा कॅमेरा हवा. रोलिंग शटरमध्ये ओळी एकामागून एक टिपल्या जातात आणि धावती वस्तू तिरपी होते.

प्रकाशाबद्दल थोडक्यात: ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल तर लागोपाठच्या प्रतिमांचा उजळपणा बदलत राहतो आणि वस्तूची कडा एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे सापडते. ६० हर्ट्झवर हाच आकडा ८.३३ मिलिसेकंद आहे. स्थिर विद्युतप्रवाहावर चालणारा स्वतंत्र दिवा आणि बाहेरचा प्रकाश अडवणारे आवरण हा याहून खात्रीचा उपाय आहे.

वस्तू ओळखण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरले असेल, तर ते देत असलेल्या चौकटीचा मध्य म्हणजे पकडण्याची जागा असे धरू नये. वस्तू थोडी फिरली किंवा तिची सावली चौकटीत आली, की मध्य सरकतो. नेटवर्कने वस्तू शोधावी आणि नेमकी जागा तिच्या कडांवरून, छिद्रांवरून किंवा नमुन्याशी जुळवणी करून काढावी.

दुरुस्तीनंतर

मूळ कारण दूर झाल्यावर मगच नवे कॅलिब्रेशन करावे आणि जुन्या फाइलवर न लिहिता तारखेसह वेगळे ठेवावे. जुन्या आणि नव्या उत्तरांतला फरकही सोबत नोंदवावा. तो फरक एकाच कोनात असेल तर ब्रॅकेटकडे, आणि केवळ उंचीत असेल तर टेबलाकडे किंवा टूलकडे बोट जाते. टेबलाच्या कोपऱ्यात एक मार्कर कायमचा बसवून ठेवावा, आणि दर पाळीच्या सुरुवातीला रोबोटने तो चार स्थितींतून पाहून उत्तरांचा विखुरलेपणा आपोआप नोंदवावा, अशी सोय प्रोग्रॅममध्येच करावी. याला मिनिटभरही लागत नाही. मर्यादा कॅलिब्रेशनच्या दिवशी मिळालेल्या आकड्याच्या दुपटीवर ठेवावी. ती ओलांडली गेली, की रोबोटने थांबावे आणि पडद्यावर पहिली सूचना अशी यावी: स्क्रूवरच्या रंगाच्या रेघा तपासा.